करंजीतला नाताळ

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात गाड्यांची रांग लागते. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या नंबरप्लेटा, काचांवर धरलेले धुके, मागच्या सीटवर स्वेटरात गुंडाळलेली पोरे. विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण म्हणजे चिखलदरा, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. त्यामुळे नाताळची सुट्टी आणि चिखलदरा हे गणित आता पक्के बसले आहे. हॉटेलांच्या अंगणात प्लास्टिकचे झाड उभे राहते, लाल टोप्या येतात, रात्री स्पीकर लागतो. भीमकुंड आणि गाविलगड पाहून झाले की पाहुणे ३१ तारखेची वाट बघू लागतात.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत फोटो येतात ते या गर्दीचे.

पण वऱ्हाडात आणखी एक नाताळ आहे आणि तो हॉटेलांहून पुष्कळ जुना आहे. तो चिखलदऱ्याजवळच्या मरियमपुरात आहे, डोंगर उतरून अचलपूरजवळ कोठारा येथील कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या परिसरात आहे, अमरावतीच्या सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथीड्रलभोवती आहे, अकोला आणि खामगावच्या मिशन कंपाउंडांत आहे. या नाताळात बांबूच्या कामट्यांना रंगीत कागद चिकटवून केलेली चांदणी दाराशी टांगलेली असते. स्वयंपाकघरात परातीत रवा-मैदा भिजत असतो, आणि करंजीची पहिली खेप तळून निघेपर्यंत कोणी झोपायला जात नाही. पेटी, तबला आणि झांजा घेतलेली मंडळी रात्री घरोघर गात फिरते. दारात आलेल्यांना चहा आणि चकली मिळते.

हा नाताळ ज्यांना लहानपणापासून आठवतो ती माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. त्या लिहून घेतल्या पाहिजेत, आणि ते काम आधी त्यांच्या घरच्यांचे आहे.

वऱ्हाड आणि नाताळ यांची एक जुनी गाठ पडली ती युद्धाच्या धामधुमीत. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने गाविलगड घेतला. दोन दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. या दोन तहांच्या मधोमध त्या वर्षीचा २५ डिसेंबर येऊन गेला. पुढे १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याने चिखलदऱ्याचे पठार हेरले आणि साहेबांचे बंगले उभे राहिले. त्या बंगल्यांतला नाताळ बंगल्यांबरोबरच संपला. त्याची मराठीत काही खूण उरली नाही, आणि उरायचे कारणही नव्हते.

जो नाताळ इथे रुजला तो नंतरचा. १८७० च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन आणि मेरी नॉर्टन हे अमेरिकन दांपत्य एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, कोरकू आदिवासींमध्ये काम करायला आले. १८९० च्या सुमारास कोरकूंसाठीच एक वेगळे मिशन उभे राहिले. त्याच मिशनच्या जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. अकोल्यात मार्कस आणि जेनी फुलर यांनी काम उभे केले आणि ते पुढे अलायन्स मिशनमध्ये सामील झाले. कॅथलिक मिशनरी डोंगरात शिरले, आणि १९५५ मध्ये अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ही नावे आणि सनावळ्या मिशनच्या दप्तरांत सापडतात. दप्तरांत सापडत नाही ती घरातली गोष्ट, आणि ती बहुतेक वेळा दुष्काळापासून सुरू होते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड पार मोडून टाकले. आई-बाप गेलेली, किंवा आई-बापांनीच जगावीत म्हणून सोडून दिलेली मुले मिशनच्या अनाथालयांत आली. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या. नॉर्टन पुढे दौंडला गेले. त्यांनी मुलग्यांसाठी घर उघडले. अकोला-खामगावकडच्या मिशनांनीही पोरकी मुले सांभाळली. मराठी ख्रिस्ती घरांत वंशावळ विचारली की ती पुष्कळदा चार पिढ्या मागे जाऊन अशा एखाद्या अनाथालयाच्या दारात थांबते. त्याच्या अलीकडे नाव आहे, लग्न आहे, नोकरी आहे. पलीकडे काही नाही.

अशा मुलांचा पहिला नाताळ कसा असेल याचा विचार करून पाहावा. घर नाही, गाव नाही, गोतावळा नाही. ओळीने बसलेली शे-दोनशे मुले, एक नवा सदरा किंवा परकर-पोलके, पोटभर गोड जेवण, आणि शिकवलेले गाणे. इतर मराठी माणसाला सण म्हटले की वाडा, आजोळ, मामा आठवतो. या मुलांना मात्र सणाने कुटुंब मिळाले. शेजारी बसलेला मुलगा भाऊ झाला आणि वाढणारी बाई आई झाली. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती कुटुंबांत आजही नाताळला एकट्यादुकट्याला घरी जेवायला बोलावतात. वसतिगृहातला विद्यार्थी, बदलीवर आलेला शिक्षक, दवाखान्यात ज्याचे कोणी नाही असा रुग्ण. या प्रथेचे मूळ त्या ओळीत बसलेल्या मुलांत आहे, असे मानायला जागा आहे.

ज्यांनी घर-गाव असताना धर्म बदलला, त्यांच्या आठवणीत वेगळी वेदना आहे. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने बायबल दिले, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागे गेल्या त्या पाच वर्षांनंतर. मधली वर्षे ताटातुटीची, माहेर-सासरच्या बोलण्यांची आणि लहानग्या दत्तूला, म्हणजे मुलगा देवदत्तला, सांभाळण्याची. अशी ताटातूट त्या काळात पुष्कळ घरांनी सोसली. बाप्तिस्मा घेतला की दिवाळीला माहेरी जाणे थांबे, भाऊबीज थांबे, कधी गावची विहीरही थांबे. वऱ्हाडातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे दलित वस्त्यांत आहेत. त्यांच्यासाठी विहीर आधीपासूनच बंद होती. त्याच नात्यागोत्यातल्या काहींनी पुढे बाबासाहेबांबरोबर बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांच्या घरी २५ डिसेंबर हा १९२७ च्या महाडच्या मनुस्मृतिदहनाचा दिवस असतो. एकाच तारखेला एका भावाच्या घरी चांदणी लागते आणि दुसऱ्याच्या घरी सभा असते. संध्याकाळी दोघे एकाच पंगतीला बसतात.

दिवाळी सुटली, पण फराळ सुटला नाही. तो दोन महिने पुढे सरकला. करंजी, चकली, शंकरपाळे, चिवडा, अनारसे हे सगळे आश्विनातून डिसेंबरात आले. कोणी ठरवून असे केले नसेल. ज्या बाईच्या हाताला सण म्हणजे करंजीची मुरड एवढे ठाऊक होते, तिने नव्या सणालाही तीच मुरड घातली. गोव्यात नेवऱ्या आहेत, दोदोल आहे, बेबिंका आहे. ते पोर्तुगीज काळातले साचलेले वैभव आहे, आणि ‘नाताळ’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगिजांकडूनच मिळाला. वऱ्हाडातल्या नाताळची चव मात्र शेजारच्या घरातलीच राहिली. केक आला तो उशिरा. तो आला तेव्हाही पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून भाजला गेला. काही घरी पीठ कालवून डबे बेकरीत नेत आणि नानकटाईबरोबर भाजून आणत.

आणि शेजार होता. दिवाळीत आलेले ताट रिकामे परत करायचे नसते, हा नियम वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. ते ताट नाताळला भरून जाते. हिंदू शेजाऱ्याच्या करंजीत सुके खोबरे, ख्रिस्ती शेजाऱ्याच्या करंजीतही सुके खोबरे. फरक असलाच तर वेलची-जायफळाचा.

या सणाला परका म्हणणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी काही तारखा उपयोगी पडाव्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, तरी त्या राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी व्हायला १८५६ साल उजाडले. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन याच राज्यातल्या बोस्टनमधून चालवले जाई. लंडनमध्ये नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र छापले गेले १८४३ मध्ये. सजवलेल्या झाडाभोवती उभ्या असलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे चित्र छापून आले १८४८ मध्ये, आणि त्यानंतर ते झाड इंग्रजी घराघरांत गेले. ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले १८४२ मध्ये. म्हणजे जगभर ‘पारंपरिक’ म्हणून विकला जाणारा नाताळ, त्याची कार्डे आणि झाड, हे सगळे मराठी ख्रिस्ती समाजाच्या डोळ्यांदेखत तयार झाले. त्या समाजाने तो तयार माल म्हणून उचलला नाही. त्याने स्वतःच्या हाताशी होते त्यातून आपला नाताळ रचला. बांबूची चांदणी आकाशकंदिलाच्या कामट्यांतून आली. गोठा आणि गव्हाणी तर मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचो या इटालियन गावी खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणून देखावा मांडला होता. वऱ्हाडात कडब्याच्या गंजीशेजारी तोच देखावा मांडताना कोणाला काही परके वाटले नाही.

गाण्याचेही तसेच. पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसवलेली पहिली गीते लोकांच्या तोंडी नीट बसेनात, हे मराठी ख्रिस्ती कवींना लवकर कळले. कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरकडे कीर्तनाचा बाज आणला. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन आणले. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहातून विदर्भातल्या मंडळ्यांपर्यंत पोचली, आणि वऱ्हाडच्या मातीत ती चटकन रुजली, कारण ही मातीच भजनाची. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देह ठेवला; त्यांची पुण्यतिथी नाताळच्या पाच दिवस आधी येते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव घुमली. या मुलखात माणूस देवाशी बोलतो तो ठेक्यावर. २४ डिसेंबरच्या रात्री थंडीत हाताला फुंकर घालत झांज वाजवणारा ख्रिस्ती म्हातारा आणि खंजिरीवर ताल धरणारा गुरुदेवभक्त यांचे शब्द वेगळे असतील, पण पाय एकाच लयीत हलतात.

ही गाणी आता मागे पडत आहेत, आणि या लेखातली खरी काळजी तीच आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, तिथल्या स्नेहसंमेलनात इंग्रजी कॅरोल बसवतात. ते वाईट नाही. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये १८१८ च्या नाताळला पहिल्यांदा गायलेले ‘सायलेंट नाइट’ अचलपूरच्या मुलीला यावे, हे चांगलेच आहे. पण तिच्या आजीला पाठ असलेले मराठी भजन तिला येत नाही, हे नुकसान आहे. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेल्या घरांत तर नाताळ व्हिडिओ कॉलवर येऊन थांबला आहे. कॉलवर झाड दिसते, कपडे दिसतात, भेटी दिसतात. गाणे मात्र कोणी सुरू करत नाही, कारण आवाज मागे-पुढे होतो.

डोंगरात प्रश्न आणखी अवघड आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी आणि हिंदीशी तिचे रक्ताचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांहून थोडे जास्त भरले, तेही मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या शेजारच्या जिल्ह्यांत विखुरलेले. शाळा मराठीत, बाजार हिंदीत, प्रार्थना बहुतेक मराठीत किंवा हिंदीत. त्यात दिवाळीनंतर कामासाठी डोंगर उतरणे आहेच. कापूस वेचायला, तूर आणि हरभरा काढायला, संत्र्याच्या बागांत राबायला कोरकू कुटुंबे सपाटीवर येतात आणि होळीला परततात, कारण होळी हा त्यांचा मोठा सण. डिसेंबरात गाव निम्मे रिकामे असते. तरुण आई-बाप बाहेर, घरी आजी-आजोबा आणि शाळेतली मुले. ज्या कोरकू घरात नाताळ होतो तिथे तो नातवंडांना सांगायचे काम म्हाताऱ्यांकडेच येते, आणि ते कोरकूतच सांगता येते. ड्रेक यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी या भाषेसाठी व्याकरण लिहिण्याचे कष्ट घेतले. आज चर्चने आणि शाळेने नाताळच्या एका संध्याकाळी तरी कोरकूत गाऊ द्यावे. ढोल आणि बासरी त्या घरांत आहेत. सणाला ती बाहेर काढायला संकोच वाटू नये.

महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेअकरा लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातला मोठा भाग मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात. वसईच्या कुपारी समाजाच्या चालीरीतींवर पुस्तके निघाली, गोव्याच्या नाताळवर तर पर्यटनाचा डोलारा उभा आहे. वऱ्हाडचा ख्रिस्ती समाज संख्येने लहान. त्याच्या नाताळवर वर्तमानपत्रात वर्षातून एकदा चार ओळी येतात आणि त्याही बहुतेक रोषणाईच्या. लहान समाजाच्या आठवणी लवकर पुसतात, कारण त्या सांगणारी माणसे थोडी आणि ऐकणारी त्याहून थोडी असतात.

यावर उपाय मराठीत एकदा झालेला आहे. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. टिळक १९१९ मध्ये वारल्यानंतर त्यांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, आणि मुलगा देवदत्त आईच्या मागे लागला. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाले. १९३४ पासून भाग छापले गेले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. दोन-तीन वर्षे उशीर झाला असता तर मराठीतले एक थोर आत्मचरित्र त्यांच्याबरोबर गेले असते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. पुढे ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती काढली ती नातू अशोक टिळकांनी. आई, मुलगा, नातू, अशा तीन पिढ्या एका आठवणीला हात देत राहिल्या.

प्रत्येक घरात लक्ष्मीबाई नसतात. पण विचारणारा देवदत्त प्रत्येक घरात होऊ शकतो, आणि आता तर त्याच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. आजीने पहिला नाताळ कुठे पाहिला, तेव्हा कोणते गाणे होते, चांदणी कोण बनवायचे, करंजीला खोबरे कुठून यायचे, शेजारून काय यायचे, कोण यायचे नाही. ‘आमच्या टायमाले’ म्हणून ती वऱ्हाडीत सुरू झाली की मध्ये थांबवून प्रमाण मराठीत बोलायला लावू नये. आजोबा कोरकूत बोलले तर कोरकूतच घ्यावे.

मंडळ्यांच्या पाळकांनी आणि धर्मगुरूंनी चर्चच्या नोंदवहीशेजारी अशी एक वही ठेवावी. १९८३ पासून अमरावतीत विद्यापीठ आहे आणि त्याला गाडगेबाबांचे नाव आहे. मराठी आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प लागतातच. त्यांनी हिवाळ्याच्या सुट्टीत चिखलदरा, अचलपूर, अकोला, खामगाव एवढीच चार ठिकाणे धरली तरी पुष्कळ हाती लागेल. घाट चढून येणाऱ्या पर्यटकांनाही मनाई कुठे आहे? गाविलगडाहून परतताना मरियमपूरच्या चर्चसमोर चपला काढून दहा मिनिटे मागच्या बाकावर बसता येते, गाणे ऐकता येते.

नाताळच्या सकाळची उपासना आटोपते, जेवणे होतात, आणि दुपारी उन्हात खुर्च्या टाकून घरातली म्हातारी माणसे बसतात. मुलांनी फोन आणि वही घेऊन त्यांच्याशेजारी बसावे, यंदाच बसावे, आणि पहिले म्हणून एक गाणे म्हणायला सांगावे.